शिकवणाराच नेमायचा नाही, तर मनाचा डॉक्टर शहापूर-मुरबाडला येणार कुठून?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

विद्यापीठात क्लिनिकल सायकॉलॉजीचा प्राध्यापक नेमला जातो की नाही, हा आपल्या किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावड्याच्या माणसाचा प्रश्न आहे, असं मी परवा कट्ट्यावर म्हणालो तर सगळे हसले. एक जण म्हणाला, "दादा, आमच्याकडं टँकर वेळेवर येत नाय आणि तुम्ही प्राध्यापकाचं काय घेऊन बसलात?"

त्याचंच उत्तर सविस्तर देतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे मनाशी संबंधित सगळ्यांना "वेड्यांचा डॉक्टर" हे एकच नाव आहे. प्रत्यक्षात माणसं वेगवेगळी आहेत. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे त्याच विषयात शिकलेला डॉक्टर, तो औषधं लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. तो चाचण्या करतो, निदानाला मदत करतो आणि बोलण्यातून, ठरलेल्या पद्धतीने उपचार करतो. त्यासाठी मानसशास्त्रात एम.ए. करून भागत नाही. वर रुग्णालयात, वरिष्ठाच्या देखरेखीखाली दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ही व्याख्याच लिहून ठेवली आहे. समुपदेशक म्हणजे कौन्सिलर, तो तिसरा. वीकेंडचा कोर्स करून फ्लेक्स लावणारा चौथा, आणि सध्या पीक त्याचंच जोरात आहे.

आता आपल्या माणसाला या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टशी काय देणंघेणं?

तुमच्या पाड्यावर मतिमंद मूल असेल तर त्याच्या आईला विचारा. दिव्यांग प्रमाणपत्र पाहिजे, तर बुद्ध्यांकाची चाचणी पाहिजे. ती चाचणी कंपाउंडर करत नाही, शिकलेला सायकॉलॉजिस्ट करतो. प्रमाणपत्र नाही तर पेन्शन नाही, एसटीची सवलत नाही, काहीच नाही. मग ती बाई वीटभट्टीचा रोज बुडवून, पोराला कडेवर घेऊन कसाऱ्याहून लोकल पकडते. पहिल्या फेरीत तारीख मिळते. दुसऱ्या फेरीत साहेब ट्रेनिंगला गेलेले असतात. तिसऱ्या फेरीला ती जात नाही. सरकारदरबारी त्या पोराचं अपंगत्व नोंदलंच जात नाही, आणि आपण म्हणतो, या लोकांना योजनांची माहिती नसते!

दुसरं, वर्गातलं "ढ" पोर. अक्षरं उलटी लिहितं, वाचताना अडखळतं, पण तोंडी विचारलं तर फटाफट सांगतं. मुंबईत अशा पोराची तपासणी होते, अध्ययन अक्षमता म्हणून दाखला मिळतो, दहावीला बोर्ड जास्त वेळ देतं, सवलती देतं. त्या दाखल्याच्या कागदावर सायकॉलॉजिस्टचा चाचणी अहवाल लागतो. आपल्याकडे तेच पोर आश्रमशाळेत मार खातं, नववीत शाळा सोडतं आणि बापाबरोबर भट्टीवर जातं. पोर दोन्हीकडे सारखंच आहे. कोणाला तपासणारा भेटला, एवढाच फरक.

तिसरं, मुली. जुलै २०२५ मध्ये शहापुरातल्या एका खासगी शाळेत मासिक पाळी कुणाला आहे हे शोधायला मुलींना कपडे उतरवून तपासलं गेलं. देशभर बातमी झाली, चॅनेलच्या गाड्या आल्या, मुख्याध्यापिकेला अटक झाली. कायद्याचं काम कायदा करेल. माझा प्रश्न गाड्या परत गेल्यानंतरचा आहे. पाचवी-सहावीतली मुलगी अशा प्रकारानंतर शाळेच्या बाथरूमला जायला घाबरते, झोपेत दचकते, आईशीही बोलत नाही. तिच्याशी आठवड्यातून एकदा, सहा महिने, नीट शिकून आलेल्या बाईने बोलत राहायचं असतं. एक दिवसाचं शिबिर आणि बिस्किटाचा पुडा याला उपचार म्हणत नाहीत.

चौथं लिहायला जड जातं. वीसेक वर्षं या दोन तालुक्यांतून बातम्या देतोय. गळफास, विषप्राशन असे शब्द घेऊन पोलीस ठाण्याची प्रेसनोट येते, खाली कारण लिहिलेलं असतं: "घरगुती" किंवा "अज्ञात". २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं आणि त्यात सगळ्यात जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. त्यातल्या किती घरांत आधी महिना-दोन महिने कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की पोर बदललंय? लक्षात येतं हो. घेऊन जायचं कुठे, ते कळत नाही.

आता हिशेब करू. आकडेवारीला घाबरू नका, किराणाच्या बिलाएवढीच आहे.

बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १२ राज्यं होती, आणि आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. असो. त्या सर्वेक्षणानुसार प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना सर्वेक्षणाच्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. शहापूर आणि मुरबाड मिळून २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. त्यात प्रौढ सव्वातीन लाख धरा. तोच दर लावला तर तीस-पस्तीस हजार माणसं निघतात. त्यातली किमान वीस-पंचवीस हजार उपचाराविना. म्हसा यात्रेत गर्दीत उभे राहून आजूबाजूला बघा, म्हणजे हा आकडा कळेल.

आणि यांच्यासाठी यंत्रणा काय? १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. त्याच्या रचनेत जिल्ह्याला एक पथक, त्या पथकात एक मानसोपचारतज्ज्ञ, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एक सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. एक! पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्हा २०११ च्या मोजणीने ८० लाखांच्या घरातला. सात तालुके. तो एक सायकॉलॉजिस्ट देवमाणूस आहे असं समजा. दिवसाला सहा जणांना पाऊण-पाऊण तास देतो, वर्षात २५० दिवस काम करतो. झाल्या १,५०० भेटी. एका रुग्णाला किमान आठ भेटी लागल्या, तर वर्षाला १९० माणसं धड होतील. ८० लाखांत १९०! यात प्रवास, रिपोर्ट, मीटिंग, शिबिरं मी धरलीच नाहीत.

"मग पदं वाढवा," असं तुम्ही म्हणाल. वाढवा की. पण त्या पदावर बसायला माणूस कुठून आणणार? इथे आपण विद्यापीठाच्या दारात पोहोचतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुस्तक वाचून तयार होत नाही. रुग्णासमोर बसून, मागे उभ्या असलेल्या गुरूच्या नजरेखाली तयार होतो. म्हणून आरसीआयचा नियम आहे की जितके पात्र शिक्षक, त्या हिशेबाने जागा. शिक्षक नसेल तर मान्यता नाही, मान्यता नाही तर जागा नाहीत. एक पद रिकामं राहिलं की वर्गातली बाकं रिकामी राहत नाहीत, तो वर्गच भरत नाही. इतर विषयांत सीएचबीवर कुणीतरी येऊन तास उरकून जातं. इथे तसं चालत नाही, कारण इथला शिक्षक विद्यार्थ्याच्या हाताखालच्या रुग्णालाही जबाबदार असतो.

देशात या प्रशिक्षणाची सुरुवात बंगळुरूला १९५५ साली झाली. सत्तर वर्षं झाली. आपलं मुंबई विद्यापीठ १८५७ चं. कलिन्याला उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे, ठाण्यात बाळकुमला उपकेंद्र आहे, कल्याणला उपकेंद्र आहे. ठाण्यातच १९०१ सालापासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी जुनी चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. ठाण्याच्या मंजूर खाटा १,८५०. म्हणजे शिकायला रुग्णालय आहे, शिकवायला इमारत आहे, शिकायला पोरं रांगेत उभी आहेत. दुसऱ्या एखाद्या राज्याला एवढं मिळालं असतं तर त्यांनी इथून दरवर्षी पन्नास-साठ सायकॉलॉजिस्ट बाहेर काढले असते. आपण त्या रुग्णालयाची बातमी कधी वाचतो? तर तिथल्या जागेवर नवं रेल्वे स्टेशन होणार तेव्हा.

मुंबई विद्यापीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये १५२ पदांची जाहिरात काढली होती. अधिष्ठाता ४, प्राध्यापक २१, बाकी सहयोगी, सहायक आणि ग्रंथपाल. आनंद झाला. पुढे राज्यातल्या विद्यापीठांची भरतीच अडखळली, निवडीच्या गुणांचं सूत्र बदलायच्या चर्चा सुरू झाल्या. अर्ज भरलेल्या पोरांनी प्रिंटआउट फाईलला लावून ठेवले. जाहिरात निघणं आणि वर्गात माणूस उभा राहणं, यात आपल्याकडे एक-दोन सरकारं बदलतात.

वरून सांगतात, "आम्ही जाहिरात देतो हो, पात्र उमेदवारच मिळत नाही." हे वाक्य मला फार आवडतं. शेतात बी पेरायचं नाही आणि सुगीला म्हणायचं, धान्यच उगवत नाही.

उमेदवार का मिळत नाही ते बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाने सहायक प्राध्यापकाला पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. पाहिजे. आरसीआयच्या नियमाने क्लिनिकल शिकवायला रुग्णालयातलं प्रशिक्षण आणि नोंदणी पाहिजे. एक कागद एका खिडकीचा, दुसरा दुसऱ्या खिडकीचा. दोन्ही असलेला माणूस दुर्मिळ, आणि जो आहे तो मुंबईत खासगी प्रॅक्टिस करून सुखात आहे. त्याला तुम्ही काय देता? कायम पदावर असेल तर सातव्या वेतन आयोगाने मूळ पगार ५७,७०० पासून सुरू, ठीक आहे. पण बहुतेक वेळा हातात ठेवता ते अकरा महिन्यांचं कंत्राट किंवा तासाचा हिशेब. मे महिन्यात पगार नाही. दिवाळीत पगार नाही. बिल निघायला पुढचं वर्ष. असल्या अटींवर तर आपल्याकडं ट्रॅक्टरचा ड्रायव्हरपण येत नाय.

मग काय होतं? जाहिरातीत नुसतं "मानसशास्त्र" लिहितात. नेटवाला उमेदवार येतो. तो बिचारा हुशार असतो, पण त्याने रुग्ण हाताळलेला नसतो. पद भरल्याची टिक होते, आरसीआयच्या कामाला मात्र तो चालत नाही. विद्यार्थी "क्लिनिकल" असं लिहिलेली एम.ए.ची मार्कशीट घेऊन बाहेर पडतो आणि नंतर त्याला कळतं की नोंदणी मिळत नाही. फसवणूक याहून वेगळी काय असते?

एक गोष्ट स्पष्ट करतो. बिंदुनामावलीमुळे, आरक्षणामुळे भरती रखडते, असं खाली कुणी लिहायला येऊ नका. यादी तपासायला दोन महिने लागतात, दहा वर्षं नाही. आणि आदिवासी तालुक्यांसाठी माणसं तयार करायची असतील तर आमच्याच ठाकर, कातकरी, वारली, कुणबी, आगरी पोरापोरींतून शिक्षक यायला पाहिजेत. मनाचं दुखणं माणूस आपल्या बोलीत सांगतो. "जीव लागत नाय," "डोकं फिरल्यावानी व्हतं," हे ज्याला कळत नाही त्याच्या चाचणीचे गुण काय कामाचे?

त्यात आता वेळेचंही गणित आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाली. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती यूजीसीने मुदत वाढवली, ती २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत. म्हणजे जुना रस्ता संपतोय. नवे अभ्यासक्रम उभे करायचे, आराखडा लिहायचा, मनोरुग्णालयाशी करार करायचा, आरसीआयची तपासणी द्यायची. हे सगळं करणारा कायमस्वरूपी माणूस विभागात नसेल, तर नवीन रस्ता आपल्या गावावरून जाणार नाही. समृद्धीचं कसं झालं? जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला, आपल्या तालुक्यातून गेला, आपल्या सरळांब्याला २०२३ च्या ऑगस्टमध्ये गर्डर कोसळून वीस कामगार गेले. रस्ता झाला, आपण बाजूला उभे राहून गाड्या बघतो. इथेही तसंच होईल.

आता हरकतींचं बघू.

"आधी पाणी द्या, मग सायकॉलॉजिस्ट." तानसा, वैतरणा, भातसा आपल्या उशाला आणि उन्हाळ्यात टँकर आपल्या दाराला, हे मी शंभर वेळा लिहिलंय, पुढेही लिहीन. पण पाणी मागितलं म्हणून डॉक्टर मागायचा नाही, हे कुणी शिकवलं? मुंबईकराला कुणी म्हणतं का, मेट्रो घेतलीस, आता हॉस्पिटल मागू नकोस?

"टेली-मानस आहे ना, १४४१६ ला फोन करा." चांगली सोय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, नंबर सेव्ह करून ठेवा, खरंच ठेवा. रात्री-बेरात्री जीव घाबरला, घरात कुणाचं बोलणं वेगळं वाटलं, तर फोन लावा. पण माळशेजच्या पायथ्याला रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागतं, तिथे उभं राहून बाई नवऱ्याच्या दारूचं आणि स्वतःच्या मनातलं काय सांगणार? आणि पलीकडे फोन घेणाराही कुणीतरी शिकवलेलाच लागतो. तोही याच प्राध्यापकाच्या हाताखालून यायचा आहे.

"आमच्याकडं लोक भगताकडं जातात, यांच्याकडं कोण येणार?" भगताला शिव्या घालणं सोपं आहे. मारहाण, अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी २०१३ चा कायदा आहे, तो लावा. पण लोक त्याच्याकडे का जातात याचा विचार करा. तो गावात असतो. रात्री बारालाही दार उघडतो. माणसाला समोर बसवून तासभर ऐकून घेतो. सरकारने हे तीन गुण असलेला एक तरी शिकलेला माणूस दिला का? दिल्यावर कुणी आलं नाही, तर मग लोकांना नावं ठेवा.

"ठाण्यात आयपीएचसारख्या संस्था आहेत की." आहेत, १९९० पासून चांगलं काम करतात. पण संस्थेने सरकारची जागा भरून काढायची, हे किती वर्षं चालणार?

आता कायदा काय म्हणतो ते वाचा आणि पाठ करा. मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम १८ म्हणतं, सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. कलम ३१ म्हणतं, उच्च शिक्षण संस्थांच्या मदतीने मनुष्यबळ तयार करायचं आणि कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषापर्यंत पोहोचायचा प्रयत्न करायचा. दहा वर्षं म्हणजे मे २०२८. मानसोपचारतज्ज्ञांचाच आकडा घ्या: लाखाला तीन पाहिजेत, देशात पाऊण आहे. आपल्या दोन तालुक्यांना त्या हिशेबाने पंधरा लागतात. सायकॉलॉजिस्टची गोष्ट तर त्याच्याही पुढची.

वर २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता पाहिजे. आपल्या दोन तालुक्यांतल्या आश्रमशाळा, हायस्कूलं, कॉलेजं मोजा. एवढी माणसं कोण शिकवणार? न्यायालय आदेश देऊ शकतं, माणसं तयार करू शकत नाही. ती विद्यापीठातच तयार होतात.

एका पदाची किंमत सांगतो. एका शिक्षकाच्या हाताखाली वर्षाला आठ जण तयार झाले, तो पंचवीस वर्षं टिकला, तर दोनशे सायकॉलॉजिस्ट. प्रत्येकाने वर्षाला १९० माणसं उभी केली, तर वर्षाला ३८,००० माणसं. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांतले सगळे आजारी, आणि वर काही. एका पगारात! यापेक्षा स्वस्त योजना मंत्रालयात कुणाकडे असेल तर दाखवा.

तर मागण्या अशा:

१. विद्यापीठाने क्लिनिकल सायकॉलॉजीची पदं कायमस्वरूपी भरावीत. जाहिरातीत आरसीआय नोंदणीची अट स्पष्ट लिहावी. प्रत्येक टप्प्याची तारीख वेबसाइटवर टाकावी.

२. ठाणे मनोरुग्णालय आणि विद्यापीठ यांच्यात जोड नेमणूक करावी. सकाळी वॉर्डात, दुपारी वर्गात. पगार दोघांनी वाटून घ्यावा. म्हणजे चांगला माणूस टिकेल.

३. विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचा ठरावीक काळ शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात असावा. आठवड्यात ठरलेला वार, ओपीडीच्या दारावर बोर्ड. बाजाराचा दिवस असेल तर उत्तम, माणसं एसटीने येतातच.

४. दिव्यांग आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या तालुक्यातच व्हाव्यात. आईने पोराला घेऊन ठाण्याला तीन फेऱ्या मारायच्या नाहीत.

५. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आपल्या पोरांना या शिक्षणासाठी पूर्ण शिष्यवृत्ती द्यावी, बदल्यात काही वर्षं इथेच सेवा.

आपले दोन्ही आमदार, भिवंडीचे खासदार आणि विद्यापीठाच्या अधिसभेत आपल्या मतांवर बसलेले पदवीधर प्रतिनिधी यांना माझं सांगणं आहे: निवडणुकीत मतदार यादीत नाव घालायला घरोघरी आलात, आता अधिसभेत एक प्रश्न विचारा. किती पदं मंजूर, किती भरली, किती कंत्राटी, आणि उरलेली कधी भरणार. उत्तर लेखी मागा.

आणि वाचणाऱ्यांनी नुसतं "सहमत" लिहून पुढे जाऊ नका. तुमच्यात पदवीधर मतदार कोण कोण आहे ते कमेंटमध्ये लिहा. शिक्षक असाल तर तुमच्या शाळेत किती विद्यार्थी आणि समुपदेशक आहे की नाही, एवढंच लिहा, शाळेचं नाव नको. ते मोजून पुढच्या आठवड्यात तालुकावार यादी टाकतो आणि माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी टाकतो. अर्जावर सोबत सही करायला ज्यांना यायचंय त्यांनी सोमवारी अकरा वाजता शहापूर तहसील कचेरीसमोर यावं. मुरबाडवाल्यांनी मंगळवारी, त्यांच्या तहसीलसमोर.

मे २०२८ फार लांब नाही.